बुऱ्हाणपूरचा शाही किल्ला : एका राणीचं शेवटचं बाळंतपण

राजवाडा पाहायचा म्हटलं की आपल्याला जयपूर, म्हैसूर आठवतं. रजा, रिझर्व्हेशन, मुलांच्या परीक्षा, यांत तो बेत दरवर्षी बारगळतो तो बारगळतोच. पण भगिनींनो, आपल्या वऱ्हाडाच्या उशालाच एक शाही महाल आहे, आणि ज्या मुमताजसाठी ताजमहाल बांधला, ती मुळात तिथे वारली, हे आपल्यापैकी कितीजणींना ठाऊक असतं? शाळेत इतिहास शिकवताना मी मुलींना विचारते, तर सगळ्या एका सुरात "आग्रा!" म्हणतात.

तो महाल म्हणजे तापीकाठचा बुऱ्हाणपूरचा शाही किल्ला. गाव मध्य प्रदेशात, पण बाजारात मराठी सर्रास ऐकू येते. अकोल्याहून रेल्वेने भुसावळला गाडी बदलून जाता येतं. (अकोला-खंडवा ही छोटी गाडी 2017 साली बंद झाली. तिच्यातून सातपुडा पाहण्याची मजा गेली ती गेलीच.) आम्ही मात्र अमरावतीहून मोटारीने निघालो. परतवाडा, सेमाडोह, हरिसाल, धारणी असा मेळघाटातून रस्ता. हे, मी, मुलगी आणि सासूबाई. वळणं फार, तेव्हा ज्यांना गाडी लागते त्यांनी लिंबू आणि आवळासुपारी जवळ ठेवावी.

किल्ला मूळचा फारुकी सुलतानांचा. 1601 मध्ये अकबराने जवळचा असीरगड घेतला आणि बुऱ्हाणपूर मोगलांकडे आलं. पुढे दक्षिणेच्या साऱ्या मोहिमांचा कारभार इथून चाले. आज वरच्या मजल्यांची पडझड झाली आहे. कमानी, चौक, गच्चीवरच्या दिवाणखान्यांचे अवशेष आणि मधली बाग एवढं उरलं आहे. जयपूरसारखा थाट मनात धरून गेलात तर निराश व्हाल. पण गच्चीच्या कठड्याशी उभं राहून खाली तापीचं पात्र पाहा, वारा अंगावर घ्या. राण्यांना हीच जागा का आवडत असेल ते सांगावं लागत नाही.

खरं पाहण्याजोगं आहे ते हमाम, म्हणजे शाही न्हाणीघर. छतावरची रंगीत वेलबुट्टी ठिकठिकाणी अजून टवटवीत दिसते. मधोमध हौद, आणि गरम-गार पाणी खेळवण्याची सोय. पाण्यात गुलाब, केशर, वाळा घालत असं गाइड सांगतो. मी तर त्या हौदाकडे पाहत बसले. आपण अकोल्याच्या बायका, नळाला आठवड्यातून एकदा पाणी आलं तरी पिंपं भरून घेणाऱ्या. आपल्याला पहिला प्रश्न हाच पडणार, की इतकं पाणी आणलं कुठून?

त्याचं उत्तर गावाबाहेर आहे. त्याला कुंडी भंडारा म्हणतात. जहांगीरच्या काळात, 1615 च्या सुमारास, सातपुड्याच्या डोंगरात झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून उताराने गावापर्यंत आणलं. वर ओळीने विहिरींसारख्या शंभरावर कुंड्या, हवा खेळण्यासाठी आणि साफसफाईसाठी. पंप नाही, मोट नाही. ही विद्या इराणची. आपल्या औरंगाबादच्या नहरी त्याच जातीच्या, आणि तिकडे मोरोक्कोत मराकेश शहराच्या बागाही अशाच भुयारी पाण्यावर फुलल्या. महालातले चौक आणि कारंजी कुठलीही असोत, त्यांच्यामागे जमिनीखाली कुणीतरी खणत गेलेलं असतं.

आता मुमताजबद्दल. 1612 मध्ये तिचं लग्न झालं. शहाजहान मोहिमेवर निघाला की तीही बरोबर असे, पोटुशी असली तरी. 1630 मध्ये दोघं बुऱ्हाणपूरला आली. त्या सुमारास दक्षिणेत आणि गुजरातेत भीषण दुष्काळ होता, माणसं अन्नावाचून मरत होती. बादशहाने इथे अन्नछत्र उघडल्याची नोंद आहे. जून 1631 मध्ये इथेच मुमताजला चौदावं मूल, एक मुलगी झाली, आणि बाळंतपणातच ती गेली. वय अडतीस. चौदांपैकी सात मुलं आधीच गेली होती किंवा लहानपणीच दगावली.

हे ऐकल्यावर सासूबाई पायरीवर बसल्याच. "एकोणीस वर्षांत चौदा बाळंतपणं? मंग राणी कायची वं ते!" गाइड बिचारा प्रेमकहाणी रंगवून सांगत होता, तो गप्पच झाला.

दरबारचे हकीम, दाया, दासी सगळं हाताशी होतं. आजचे जाणकार म्हणतात, बहुधा बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने ती गेली असावी. वरचेवर बाळंतपणं झाली की गर्भाशय थकतं, नीट आवळलं जात नाही आणि रक्त थांबत नाही. आज त्यावर इंजेक्शन आहे, रक्ताच्या बाटल्या आहेत. माझ्या धाकट्या जावेला दुसऱ्या खेपेला असंच झालं होतं. जवळ दवाखाना होता आणि तासाभरात रक्त मिळालं म्हणून ती आज भाकऱ्या थापते आहे. पण ज्या मेळघाटातून आम्ही सकाळी आलो, तिथल्या पाड्यावरच्या बाईला पावसाळ्यात रात्री कळा लागल्या तर दवाखाना गाठायचा कसा? धारणीपर्यंतचा रस्ता आठवून माझ्या पोटात गोळा आला. त्या राणीजवळ महाल होता, उपाय नव्हता. इथे उपाय आहे, वाट नाही.

मुमताजला आधी तापीपलीकडे झैनाबादच्या बागेत पुरलं. त्याच वर्षी डिसेंबरात शव आग्र्याला नेलं. ती जागा आज आहूखाना म्हणून दाखवतात. तिथे जायचंच असेल तर दिवसाउजेडी जा, वर्दळ कमी असते. आणि तिला झालेली ती मुलगी, गौहर आरा? ती वाचली. चांगली पंचाहत्तर वर्षं जगली, 1706 पर्यंत.

जायचं तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत जा. उन्हाळ्यात तिथे आपल्या अकोल्याइतकंच भाजतं. प्यायचं पाणी घरून न्यावं. पायऱ्या उंच आहेत, साडी नेसणार असाल तर घसरणाऱ्या सिल्कपेक्षा सुती बरी. सांजच्याला बाजारात मावा जिलबी गरम मिळते, गुलाबजामसारखी काळसर. सासूबाईंनी दोन खाल्ल्या आणि शेजारणींसाठी अर्धा किलो बांधून घेतली.