गैरवर्तन आणि लांछनास्पद वर्तन : स्थानिक प्रतिनिधींविरुद्धच्या तक्रारींचा अर्थविचार

नगरपरिषदेचा सदस्य किंवा गावचा सरपंच यांच्या वागणुकीविषयी तक्रार झाली म्हणजे ती कोणत्या कसोटीवर पारखावयाची, हा प्रश्न वरवर पाहता कायदेपंडितांचा आहे. परंतु ज्या कलमांखाली अशा तक्रारी चालतात ती वाचू लागले की असे ध्यानात येते की, तेथे वर्तनाच्या नियमांची यादी नसून मोजकी भाववाचक नामे आहेत आणि सारा वाद त्या नामांच्या अर्थाभोवती फिरतो. तेव्हा भाषेच्या अभ्यासकाने या विषयात लक्ष घातल्यास ते अनाठायी ठरू नये.

१९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियमाचे कलम ४२ सदस्यांविषयी, तर कलम ५५-अ अध्यक्ष व उपाध्यक्ष यांच्याविषयी आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम ३९ सरपंच, उपसरपंच व सदस्य या तिघांनाही लागू पडते. या तिन्ही कलमांत दोन शब्दप्रयोग समान आढळतात : कर्तव्य बजावताना केलेले गैरवर्तन आणि लांछनास्पद वर्तन. काही ठिकाणी हयगय व असमर्थता यांची भर आहे. यांपैकी कशाचीही व्याख्या त्या कलमांत दिलेली नाही. परिणाम मात्र ठरलेला आहे, तो म्हणजे पदावरून दूर करणे. ताकीद, दिलगिरी, काही काळ निलंबन अशा मधल्या पायऱ्या या कलमांत नाहीत. म्हणजे शब्द सैल आणि शिक्षा जबर, अशी ही रचना आहे.

प्रथम शब्द पाहू. ‘गैर’ हा अरबी शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि येथे त्याला दोन अर्थ लाभले. ‘गैरहजर’ या शब्दात तो केवळ अभाव दाखवितो. ‘गैरवापर’, ‘गैरसमज’ यांत मात्र वापर किंवा समज असतेच, ती अयोग्य असते एवढेच. ‘गैरवर्तन’ हा दुसऱ्या जातीचा शब्द होय. अयोग्य म्हटले की योग्य काय ते आधी ठाऊक असावे लागते. म्हणून या शब्दाचे माप कर्तव्यातून, म्हणजे निविदा, सभा, ठराव, हिशेब यांविषयीच्या नियमांतून घ्यावे लागते.

‘लांछन’ या शब्दाची गोष्ट निराळी आहे. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ केवळ खूण असा आहे. जैन तीर्थंकरांची ओळख पटविणारी वृषभ, सिंह इत्यादी चिन्हे लांछनेच म्हटली जातात आणि तेथे त्या शब्दाला निंदेचा स्पर्शही नाही. मराठीत मात्र खुणेचा डाग झाला. डाग हा पाहणाऱ्याच्या डोळ्याला दिसावा लागतो. म्हणून ‘लांछनास्पद’ या शब्दाचे माप नियमात नसून लोकमतात आहे. एकाच कलमात असे दोन निराळ्या मापांचे शब्द शेजारी बसविलेले आहेत.

आता वाक्यरचनेकडे वळू, कारण खरी मेख तेथे आहे. इंग्रजी पाठात ‘कर्तव्य बजावताना’ या अर्थाचा विशेषक गैरवर्तनाच्या शब्दानंतर येतो, त्यापुढे ‘किंवा’ येतो आणि मग संबंधदर्शक शब्दयोगी अव्यय पुन्हा उच्चारून लांछनास्पद वर्तनाचा उल्लेख होतो. त्यामुळे विशेषकाची कक्षा पहिल्या नामापाशीच संपते, आणि लांछनास्पद वर्तन कचेरीबाहेरचे असले तरी ते कलमाच्या कक्षेत येऊ शकते. मराठीत विशेषक नामाच्या आधी येतो. ‘जुनी पुस्तके आणि वह्या’ म्हटले तर वह्या जुन्या की नव्या, हे ऐकणाऱ्याला सांगता येत नाही. तद्वतच ‘कर्तव्य बजावताना केलेले गैरवर्तन किंवा लांछनास्पद वर्तन’ हे शब्द मराठी आदेशात किंवा नोटिशीत आले की त्यांचे दोन अर्थ संभवतात. पहिल्या अर्थाने सरपंचाचे खाजगी आयुष्य तक्रारीच्या बाहेर राहते. दुसऱ्याने ते आत येते. यावर उपाय सोपा आहे. क्रम उलटावा : ‘लांछनास्पद वर्तनाबद्दल, किंवा कर्तव्य बजावताना केलेल्या गैरवर्तनाबद्दल’. असे लिहिल्यास संदिग्धता उरत नाही. नोटिशींचे मसुदे करणाऱ्यांनी एवढे पथ्य पाळावयास हरकत नसावी.

हा वाद केवळ व्याकरणाचा खेळ नव्हे, हे इंग्लंडमधील एका प्रकरणावरून दिसेल. पद आणि व्यक्ती यांच्यातील नेमकी हीच सीमारेषा तेथे न्यायालयात गेली. लंडनचे तत्कालीन महापौर केन लिव्हिंग्स्टन यांनी फेब्रुवारी २००५ मध्ये एका समारंभातून बाहेर पडताना एका ज्यू वार्ताहराची तुलना नाझी छळछावणीच्या पहारेकऱ्याशी केली. तक्रार झाली आणि २००६ च्या फेब्रुवारीत शिस्तविषयक मंडळाने त्यांना चार आठवडे निलंबित केले. त्या वेळच्या आचारसंहितेत ‘पदाच्या नात्याने किंवा अन्य कोणत्याही परिस्थितीत’ पदाला कमीपणा आणणारे वर्तन निषिद्ध होते; परंतु मूळ अधिनियमात प्रतिनिधीने संहिता पाळावयाची ती ‘आपली कार्ये पार पाडताना’ असे शब्द होते. ऑक्टोबर २००६ मध्ये उच्च न्यायालयाने अधिनियमाचे शब्द संहितेच्या शब्दांवर मर्यादा घालतात असे ठरवून निलंबन रद्द केले. त्या बोलण्याचे समर्थन न्यायाधीशांनी केले नाही. महापौर त्या क्षणी महापौर म्हणून काम करीत नव्हते, एवढेच त्यांनी ठरविले. पुढे २०११ च्या लोकलिझम अधिनियमाने इंग्लंडातील परिषदांची निलंबनाची शिक्षाच काढून टाकली आणि संहिता मात्र ठेवली. आपल्याकडे शब्द थोडे व शिक्षा टोकाची, तर तिकडे शब्द पुष्कळ व शिक्षा नाममात्र. यांपैकी कोणतीही स्थिती मला समाधानकारक वाटत नाही.

आपल्या न्यायालयांनी या सैल शब्दांना आवर घातला तोही अर्थशास्त्राच्या, म्हणजे शब्दार्थविचाराच्या, साधनांनीच. पंजाबातील राजपुरा नगरपरिषदेच्या अध्यक्षांचे प्रकरण २००१ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आले. तेथील कलमात ‘अधिकाराचा दुरुपयोग’ हे शब्द ‘कर्तव्यात नेहमी होणारी कसूर’ या शब्दांच्या शेजारी होते. शेजारच्या शब्दाचा रंग अर्थाला लागतो, हे तत्त्व लावून न्यायालयाने म्हटले की एखादी सुटी चूक म्हणजे दुरुपयोग नव्हे. २०१२ मध्ये उरण नगरपरिषदेच्या अध्यक्षांच्या प्रकरणात न्यायालयाने ‘लांछनास्पद वर्तन’ याची व्याख्या अधिनियमात नाही म्हणून शब्दकोशाचा आधार घेतला, आणि ‘गैरवर्तन’ याचा अर्थ संदर्भावरूनच ठरतो असे सांगून अध्यक्षांना दूर करण्याचा आदेश रद्द केला. त्याच निकालात तक्रारदाराचे स्थानही स्पष्ट झाले : तो साक्ष देऊ शकतो, पण प्रतिपक्ष म्हणून वादात उभा राहू शकत नाही. निर्णय देणाऱ्याने कारणे लिहिली पाहिजेत, हेही त्यात ठामपणे सांगितले आहे. गावच्या राजकारणात तक्रारदार हा बहुधा प्रतिस्पर्धीच असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या दोन्ही गोष्टींचे महत्त्व कळते.

अतिक्रमणाविषयीच्या तक्रारींत क्रियापदच वादाचा विषय झाले. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ अन्वये ज्या व्यक्तीने शासकीय जमिनीवर किंवा सार्वजनिक मालमत्तेवर अतिक्रमण केले आहे ती सदस्यत्वास अपात्र ठरते. मराठीत ‘ज्याने केले’ या रचनेत तृतीयेचा कर्ता लागतोच. मग आजोबांनी बांधलेल्या घरात राहणाऱ्या नातवाने अतिक्रमण ‘केले’ काय? २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी कर्त्यावर भर दिला आणि मुळात अतिक्रमण करणाराच अपात्र ठरतो असे म्हटले. २०१८ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने हा अर्थ बाजूला सारून अतिक्रमित जागा पुढे भोगणारा कुटुंबीयही कक्षेत येतो असे ठरविले. पहिल्याने क्रिया पाहिली, दुसऱ्याने क्रियेनंतर टिकून राहणारी अवस्था पाहिली. सार्वजनिक जमिनीच्या रक्षणाच्या दृष्टीने दुसरा अर्थ सयुक्तिक आहे. मात्र त्यामुळे तक्रारीचे जाळे फार रुंद झाले.

ते किती रुंद झाले हे जळगाव जिल्ह्यातील विचखेड्याच्या महिला सरपंचांच्या प्रकरणात दिसले. त्या सासूबरोबर शासकीय जमिनीवरील घरात राहतात, अशी गावकऱ्यांची तक्रार होती. आपण पती व मुलांसह भाड्याच्या घरात निराळ्या राहतो, असे त्यांचे म्हणणे होते. जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांना अपात्र ठरविले आणि विभागीय आयुक्तांनी तो निर्णय कायम केला. २७ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पद परत दिले. स्त्री सरपंच झाली हे गावकऱ्यांच्या पचनी पडले नाही, अशा आशयाचे खडे निरीक्षण त्या निकालात आहे, आणि आरोपांची नीट शहानिशा न करता यंत्रणेने निर्णय दिल्याबद्दलही त्यात नापसंती व्यक्त झाली आहे. येथे ‘राहतात’ या एकाच क्रियापदाची सत्यता तपासावयाची होती, आणि ती तपासण्यास गावात जाऊन घर पाहणे पुरेसे होते.