घरभाड्याचा कागद नीट वाचा!

लंडनमधील १०, किंग हेन्रीज रोड या घरात बाबासाहेब १९२१-२२ च्या काळात विद्यार्थी म्हणून राहिले. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ते घर विकत घेतले. आपला माणूस इंग्लंडला गेला की त्या घरी अभिवादन करायला जातोच. माझी भाचीही गेली. ती परिचारिका आहे. २०२४ मध्ये नागपूरहून लेस्टर शहरातील एका रुग्णालयात नोकरीला लागली. त्या घरासमोरून तिने मला फोन केला. बाबासाहेबांच्या खोलीबद्दल भरभरून बोलली आणि मग आवाज उतरला. म्हणाली, "मामा, मला मात्र कोणी खोली द्यायला तयार नाही."

रुग्णालयाने राहायची सोय केली होती, ती फक्त तीन महिन्यांसाठी. त्यानंतर आपले आपण बघायचे. केरळची एक सहकारी आणि ही, दोघींनी मिळून दोन खोल्यांचे घर शोधले. भाडे महिन्याला १,०४० पौंड. तिथे घरमालक सहसा भेटत नाही. मध्ये एजन्सी असते आणि एजन्सीजवळ प्रश्नांची भली मोठी यादी असते. इंग्लंडमधील आधीच्या घरमालकाचे शिफारसपत्र आणा. इथल्या बँकेतील कर्जफेडीचा इतिहास दाखवा. इथे राहणारा जामीनदार द्या. तीन महिन्यांपूर्वी विमानातून उतरलेल्या मुलीने हे आणायचे कुठून? नसेल तर सहा महिन्यांचे भाडे आधी भरा. म्हणजे ६,२४० पौंड, आपले साडेसहा लाखांच्या वर! शिष्यवृत्तीवर जाणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांची तर याहून वाईट गत. त्यांच्याजवळ पगारपत्रकही नसते.

शेवटी वॉर्डातील एका वरिष्ठ परिचारिकेने जामीन दिला. परक्या देशात परक्या बाईने सही केली. ही माणुसकी विसरता येणार नाही.

मग आला राहण्याच्या हक्काचा दाखला. २०१४ च्या इमिग्रेशन कायद्यानुसार भाडेकरूला देशात राहायचा हक्क आहे की नाही, हे घरमालकानेच तपासायचे असते. २०१६ पासून हे संपूर्ण इंग्लंडमध्ये लागू आहे. चूक झाली तर दंड. २०२४ पासून तो पहिल्या वेळी माणशी १०,००० पौंडांपर्यंत गेला. साहजिकच घरमालक आणि एजंट घाबरतात आणि परकीय पारपत्र दिसले की नको म्हणतात. २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने म्हटले की, या योजनेमुळे भेदभाव होतो. २०२० मध्ये अपील न्यायालयाने काही घरमालक भेदभाव करतात हे मान्य केले, पण योजना कायम ठेवली. आता व्हिसा संगणकावर असतो. भाडेकरूने सरकारी संकेतस्थळावरून एक सांकेतिक क्रमांक काढून द्यायचा, तो ९० दिवस चालतो. माझ्या भाचीच्या एजंटाला हेही ठाऊक नव्हते. तो पारपत्रावरचा शिक्का मागत बसला!

इथे मी वकिली पणाला लावली. मी इंग्लंडचा वकील नाही; पण कायदा वाचता येतो. एजंटाने १,४४० पौंड अनामत आणि चौकशीची फी म्हणून १५० पौंड मागितले होते. मी तिला २०१९ चा टेनंट फीज कायदा वाचायला लावला. वर्षाचे भाडे ५०,००० पौंडांपेक्षा कमी असेल तर अनामत पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही. हिशोब सोपा: आठवड्याचे भाडे २४०, अनामत फार तर १,२००. चौकशीची फी घेण्यास तर मनाईच आहे. तिने हे चार ओळींत ई-मेलने कळवले. दुसऱ्या दिवशी १५० पौंड गायब आणि अनामत १,२००! ना भांडण, ना विनवणी.

२०२५ मध्ये घरमालकाने घर विकायला काढले आणि दोन महिन्यांची नोटीस दिली. कारण सांगायचीही गरज नव्हती, तसा कायदाच होता. पुन्हा घर शोधा. नव्या घराची अनामत आज भरायची, जुनी मिळणार कधी? एजंटाने सफाई आणि गादीवरचा डाग यांच्या नावाखाली ३१० पौंड कापतो म्हणून सांगितले. पण तिथे अनामत मिळाल्यापासून ३० दिवसांत ती मान्यताप्राप्त संरक्षण योजनेत नोंदवावी लागते आणि वाद झाला तर योजनेचा निवाडा फुकट मिळतो. पैसा भाडेकरूचा, म्हणून कापण्याचे कारण घरमालकाने सिद्ध करायचे. राहायला गेल्या दिवशीच भाचीने प्रत्येक खोलीचे, गादीचे, नळाचे तारखेसह फोटो काढून एजन्सीला पाठवले होते. डाग त्या फोटोतही होता. २६० पौंड परत आले.

आता २०२५ चा रेंटर्स राइट्स कायदा झाला आहे. कारण न देता घर खाली करायला लावणे आणि एका महिन्याहून अधिक भाडे आगाऊ मागणे यांवर १ मे २०२६ ही तारीख ठरवून बंदी घालण्यात आली. हे काम भाडेकरूंच्या संघटनांनी वर्षानुवर्षे लढून करून घेतले.

वाचक म्हणतील, एवढी कटकट, मग आपलाच माणूस गाठून घर घेतलेले काय वाईट? तेही करून पाहिले. लेस्टरमध्ये आपल्या देशातून गेलेल्या एका घरमालकाने फोनवर विचारले, "आडनाव काय? गाव कोणते?" तिने सांगितले. संध्याकाळी निरोप आला, घर गेले. आठवड्याने तीच जाहिरात पुन्हा दिसली. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या बाबासाहेबांना १९१७ मध्ये बडोद्यात घर मिळाले नव्हते. पारशी नाव लावून राहावे लागले आणि तिथूनही हाकलले गेले. शंभर वर्षांनी तोच प्रश्न समुद्र ओलांडून गेला आहे. ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यात जात हा शब्द स्पष्टपणे घालणार नाही, असे तिथल्या सरकारने २०१८ मध्ये जाहीर केले. २०१४ च्या एका निकालात अपील न्यायाधिकरणाने जात ही वांशिक मूळ या शब्दांत येऊ शकते, असे म्हटले आहे. पण फोनवरच्या प्रश्नाचा पुरावा कुठून आणणार?

फरक इथेच आहे. एजन्सीचा फॉर्म त्रास देतो, पण त्यात जातीचा रकाना नाही. त्यातला अन्याय लेखी असतो, म्हणून त्याला लेखी उत्तर देता येते. तोंडी विचारलेल्या आडनावावर अपील नाही!

किंग हेन्रीज रोडच्या त्या घरालाही हे चुकले नाही. निवासी घराचे स्मारक करण्यास स्थानिक कौन्सिलने २०१८ मध्ये परवानगी नाकारली. अपील झाले, चौकशी झाली, वकील उभे राहिले आणि मार्च २०२० मध्ये मंजुरी मिळाली. बाबासाहेबांचे घरसुद्धा कागदाची लढाई लढूनच टिकले.

परदेशी निघालेल्या मुलामुलींनो, बॅगेत लोणचे-पापड जरूर भरा. पण पगाराचे वा शिष्यवृत्तीचे पत्र, बँकेचा तपशील आणि इथल्या घरमालकाची चिठ्ठी यांची एक फाईलही भरा. सही करण्यापूर्वी करार शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. पैसे देण्यापूर्वी विचारा, हे कोणत्या कलमाखाली? विचारणाऱ्या भाडेकरूला एजंट सहसा दुसऱ्यांदा फसवायला जात नाही.