जिथे उत्तर द्यावे लागते

पनवेलच्या आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात लोक जातात ते नाटक बघायला. मी या वास्तूकडे वेगळ्या कारणाने बघतो. पनवेल महापालिकेचे पहिले सभागृह २०१७ ते २०२२ या काळात अस्तित्वात होते आणि त्याच्या महासभा याच नाट्यगृहात भरत. एका बाजूला ७८ निवडून आलेले नगरसेवक, दुसऱ्या बाजूला आयुक्त आणि खातेप्रमुख, मधे महापौर आणि नगरसचिव. नळाला पाणी का येत नाही, कचऱ्याची गाडी का फिरकली नाही, रस्ता वर्षभरात कसा उखडला, हे प्रश्न पनवेलकर घरात विचारतो, लोकलच्या डब्यात विचारतो, भाजीच्या गाडीपाशी विचारतो. तिथे उत्तर देण्याचे बंधन कोणावर नसते. महासभेत ते असते. शहराच्या दृष्टीने मला ही जागा म्हणूनच मोलाची वाटते.

नाट्यगृहाला ज्यांचे नाव आहे ते वासुदेव बळवंत इथून जवळच्या शिरढोणचे. जन्म १८४५ चा. पुण्यात सरकारी लष्करी हिशेब खात्यात ते नोकरीला होते. आई आजारी असताना रजा वेळेवर मिळाली नाही आणि शेवटची भेट झाली नाही, ही गोष्ट पनवेल तालुक्यात शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पुढचे बंड, १८७९ ची अटक आणि १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात आलेला मृत्यू इतिहासात आहे. ज्या राज्यात एका कारकुनाच्या अर्जाला वेळेत उत्तर मिळाले नाही, त्या राज्याविरुद्ध तो कारकून उभा राहिला. त्याच्या नावाच्या छपराखाली प्रशासनाने लोकांच्या प्रतिनिधींना उत्तरे द्यावीत, यात मला मोठे औचित्य दिसते.

पावणेदोनशे वर्षांचा वारसा

पनवेलची नगरपालिका १८५२ ची. राज्यातल्या सर्वांत जुन्या नगरपालिकांमध्ये तिची गणना होते. १८५० च्या २६ व्या कायद्याने गावांना स्वतःची नगरपालिका स्थापण्याची मुभा दिली आणि दोनच वर्षांत पनवेलने ती घेतली. तेव्हाचे पनवेल म्हणजे खाडीवरचे बंदर आणि बोरघाटाच्या वाटेवरचा मुक्काम. गलबतातून आलेला माल इथे उतरायचा आणि घाटावर जायचा. गावात कापडाचे, मिठाचे, भाताचे व्यापारी होते, कोळी आणि आगरी वस्त्या होत्या, मुस्लिम मोहल्ले होते. बेने इस्रायली समाजाचे बेथ एल हे प्रार्थनास्थळ १८४९ चे, म्हणजे नगरपालिकेहूनही तीन वर्षांनी जुने. धूतपापेश्वर हा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना १८७२ चा.

पहिल्या नगरपालिका नावापुरत्याच लोकांच्या होत्या, कारण सभासद सरकार नेमत असे. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावाने निवडून दिलेल्या सभासदांची वाट मोकळी झाली. स्वातंत्र्यानंतर राज्याचा १९६५ चा नगरपरिषद कायदा आला. मग ७४ वी घटनादुरुस्ती झाली, ती १ जून १९९३ पासून लागू आहे. पाणी, रस्ते, आरोग्य, घनकचरा, नगररचना असे १८ विषय बाराव्या अनुसूचीत लिहिले गेले. राज्याने आपल्या हातातली सत्ता खाली गावापर्यंत उतरवायची, ही त्यामागची कल्पना. सत्ता खाली उतरली की तिला जाब विचारण्याची सोयही खाली उतरावी लागते. त्या सोयीचे नाव सभागृह.

१ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महापालिका झाली. रायगड जिल्ह्यातली ही पहिलीच महापालिका. जुने पनवेल, सिडकोने वसवलेली नवीन पनवेल, खारघर, कळंबोली, कामोठे ही नगरे, तळोजे आणि २९ महसुली गावे मिळून सुमारे ११० चौरस किलोमीटरचे शहर तयार झाले. २०११ च्या जनगणनेप्रमाणे इथली लोकसंख्या पाच लाखांवर होती. २४ मे २०१७ रोजी पहिली निवडणूक झाली. भाजपला ५१, शेतकरी कामगार पक्षाला २३, काँग्रेस आणि राष्ट्रवादीला प्रत्येकी दोन जागा मिळाल्या. डॉ. कविता चौतमोल पहिल्या महापौर झाल्या.

प्रश्न कसा विचारतात

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ चा आहे. त्यात नगरसेवकाला प्रशासनाविषयी प्रश्न विचारण्याचा अधिकार स्पष्टपणे दिलेला आहे. प्रश्न लेखी लिहायचा, मुदतीत नगरसचिवांकडे द्यायचा. त्यात टोमणा नको, तर्कवितर्क नको, कोणाची बदनामी नको. महिन्यातून किमान एक सर्वसाधारण सभा व्हावी असा नियम आहे. महासभेशिवाय १६ सदस्यांची स्थायी समिती असते. निविदा, खर्च आणि अंदाजपत्रक यांची खरी छाननी तिथे व्हायची असते. त्याखाली खारघर, कळंबोली, कामोठे आणि पनवेल अशा चार प्रभाग समित्या. गल्लीतले गटार आणि बंद पडलेला दिवा यांची जागा ती.

चांगला प्रश्न आणि नुसता आवाज यांतला फरक एका उदाहरणाने सांगतो. माथेरानच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी गाढी नदीवर देहरंगचे धरण आहे. आप्पासाहेब वेदक जलाशय असेही त्याचे नाव. हे धरण नगरपालिकेचे स्वतःचे. एका छोट्या नगरपालिकेने आपल्या गावासाठी धरण बांधावे, याचा पनवेलकरांना आजही अभिमान वाटतो. पण धरणात गाळ साचला, शहर वाढले, आणि उन्हाळ्यात महाराष्ट्र जीवन प्राधिकरण, एमआयडीसी आणि सिडको यांच्या पाण्यावर अवलंबून राहण्याची वेळ आली. ‘पनवेलकरांना पाणी कधी मिळणार?’ असे सभागृहात ओरडून विचारले की दुसऱ्या दिवशी बातमी होते. ‘देहरंगचा गाळ शेवटचा कधी काढला, किती घनमीटर काढला, त्यावर किती खर्च झाला आणि त्यानंतर साठवण किती वाढली?’ असे चार तुकड्यांत विचारले की अधिकाऱ्याला फाइल उघडावी लागते. चौथ्या तुकड्याचे उत्तर आले नाही, तर पहिल्या तिन्हींचा अर्थही कळतो.

उत्तर इतिवृत्तात नोंदले जाते, हा या पद्धतीचा खरा कणा आहे. ‘कारवाई सुरू आहे’ हे वाक्य एकदा इतिवृत्तात गेले की सहा महिन्यांनी तेच वाक्य काढून दाखवता येते. जाणता नगरसेवक म्हणूनच जुन्या इतिवृत्तांच्या बाडांना जपतो. सभा चालू असताना बाके वाजवणाऱ्यापेक्षा ठरावाचा क्रमांक आणि तारीख पाठ असलेल्या सदस्याला अधिकारी अधिक वचकून असतात.

उत्तर देणारा कोण?

इथे आपल्या व्यवस्थेतली एक मोठी अडचण समजून घेतली पाहिजे. तुलनेसाठी स्कॉटलंड बघा. त्याला १९९९ मध्ये स्वतःची संसद मिळाली. तिथे गुरुवारी फर्स्ट मिनिस्टर सभागृहात उभे राहून सदस्यांच्या प्रश्नांना उत्तरे देतात. ते स्वतः लोकांनी निवडून दिलेले असतात. उत्तर लोकांना पटले नाही तर पुढच्या निवडणुकीत त्याची किंमत चुकवावी लागते. आपल्या महापालिकेत कारभाराचे अधिकार आयुक्तांकडे असतात आणि आयुक्त राज्य सरकार नेमते. महापौर सभा चालवतात, पण रस्त्याच्या कामाचा आदेश त्यांच्या सहीने निघत नाही. म्हणजे विचारणारे पनवेलचे आणि उत्तर देणाऱ्याची नेमणूक, बदली मंत्रालयातून.

मार्च २०१८ मध्ये हे उघड दिसले. महासभेने तेव्हाचे आयुक्त सुधाकर शिंदे यांच्याविरुद्ध अविश्वास ठराव मंजूर केला. राज्य सरकारने तो ठराव निलंबित केला आणि पुढच्याच महिन्यात आयुक्तांची बदली झाली. कोण बरोबर आणि कोण चूक यावर पनवेलमध्ये तेव्हा दोन तट होते आणि नागरिकांतले अनेक जण आयुक्तांच्या बाजूने होते. माझ्या मते त्या प्रसंगाचा धडा वेगळा आहे. पनवेलचा निर्णय पनवेलमध्ये झाला नाही.

दुसरी अडचण सिडकोची. १७ मार्च १९७० रोजी स्थापन झालेली सिडको ही सरकारी कंपनी. खारघर, कामोठे, कळंबोली तिने वसवली. तिथल्या सेवा महापालिकेकडे टप्प्याटप्प्याने आल्या. आधी कचरा कोणी उचलायचा यावरून वाद झाला, मग मालमत्ता कराचा प्रश्न पेटला. महापालिकेने २०२१ मध्ये २०१६ पासूनच्या कराची देयके पाठवली, तेव्हा वसाहतींतले रहिवासी म्हणाले की या काळात सेवाशुल्क आम्ही सिडकोला दिले आहे, एकाच सेवेसाठी दोनदा का भरायचे? प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. सामान्य माणसाचा प्रश्न सरळ होता, पण त्याचे उत्तर दोन कार्यालयांत विभागलेले होते. सिडकोच्या संचालक मंडळासमोर बसून जाब विचारणारे सभागृह पनवेलमध्ये नाही. हीच गत तळोजे औद्योगिक वसाहतीची. कासाडी नदीच्या प्रदूषणाची तड लागेना, तेव्हा महापालिकेच्या एका नगरसेवकाला राष्ट्रीय हरित लवादाचे दार ठोठावावे लागले. सभागृहात न सुटलेला प्रश्न लवादापुढे न्यावा लागणे हे त्या नगरसेवकाच्या चिकाटीचे लक्षण आहे, आणि सभागृहाच्या तोकड्या हातांचेही.

‘हे खरे आहे काय?’

म्हणून पनवेलचे कितीतरी प्रश्न पुढे मुंबईच्या विधान भवनात आणि हिवाळ्यात नागपूरला जातात. सिडको, नैना हे विमानतळाभोवतीचे नियोजन क्षेत्र, एमआयडीसी, पाणी, महापालिका आयुक्त या सगळ्यांसाठी मंत्र्यांना तिथे उत्तर द्यावे लागते. आपल्या विधिमंडळातल्या प्रश्नाला एक ठरलेला साचा आहे. आधी घटना सांगायची आणि पुढे लिहायचे, ‘हे खरे आहे काय?’ मग ‘असल्यास, शासनाने कोणती कारवाई केली आहे वा करण्यात येत आहे?’ आणि शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी येते. त्याशिवाय लक्षवेधी आणि अर्ध्या तासाची चर्चा आहेच. ‘हे खरे नाही’, ‘अंशतः खरे आहे’, ‘प्रश्न उद्भवत नाही’ ही उत्तरे वाचून कोणी निराश होईल. मला त्या शेवटच्या ओळीचे, विलंबाची कारणे मागणाऱ्या ओळीचे, फार कौतुक वाटते. काम झाले नाही हे कबूल करूनही सुटका होत नाही. का झाले नाही, ते सांगावेच लागते.

या परंपरेतले पनवेलचे मोठे नाव दि. बा. पाटील. १३ जानेवारी १९२६ रोजी उरण तालुक्यातल्या जासई गावी त्यांचा जन्म झाला. पनवेलचे ते पाच वेळा आमदार होते, दोनदा खासदार, आणि विधानसभेत विरोधी पक्षनेतेही. सिडकोने घेतलेल्या जमिनीचा प्रश्न त्यांनी सभागृहात मांडला आणि रस्त्यावरही. जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले, आणि त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण आले. आज पनवेल तालुक्यात उभ्या राहिलेल्या विमानतळाला त्यांचे नाव द्यावे म्हणून हजारो लोक रस्त्यावर उतरले, ते या आठवणीपोटी. शेतकऱ्याच्या वतीने सरकारला विचारणारा माणूस त्यांनी पाहिला होता.

रिकामी बाके

जुलै २०२२ मध्ये पहिल्या सभागृहाची मुदत संपली. निवडणूक लांबत गेली आणि आयुक्तच प्रशासक झाले. महासभेचे अधिकार त्यांच्याकडे, स्थायी समितीचे अधिकारही त्यांच्याकडे. प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. या काळात कामे झाली नाहीत असे मी म्हणणार नाही. पण कोणते काम आधी आणि का, हे भर सभेत विचारणारा कोणी उरला नाही. तक्रारीचे ॲप होते, निवेदने होती, माहितीचा अधिकार होता. ते सगळे उपयोगी आहे. तरी एकट्याने पाठवलेल्या अर्जाला आणि भरल्या सभेत विचारलेल्या प्रश्नाला मिळणारे उत्तर सारखे नसते, कारण सभेत शेजारचा सदस्य उठून म्हणतो, आमच्याकडेही हेच चालले आहे.

१५ जानेवारी २०२६ रोजी पुन्हा मतदान झाले आणि साडेतीन वर्षांचा खंड पडलेली परंपरा जुळली. आता जबाबदारी दोन्हीकडे आहे. निवडून आलेल्यांनी अभ्यास करून विचारावे. आणि आपण, ज्यांच्यासाठी हे चालते, त्यांनी तिथे जाऊन बसावे. महापालिकेची सभा नागरिकांसाठी खुली असते आणि इतिवृत्त पाहायला मागता येते, हे किती जणांना ठाऊक आहे?

पनवेल बघायला आलात तर वडाळे तलावाकाठी फिरा, बल्लाळेश्वराचे दर्शन घ्या, कर्नाळ्याचा किल्ला चढा, शिरढोणला वासुदेव बळवंतांचे स्मारक पाहा. आणि इथेच राहत असाल तर एक दिवस सुट्टी काढून महासभेला जा. आपल्या प्रभागाचा नगरसेवक उठतो का, काय विचारतो, अधिकारी काय सांगतात, हे वहीत लिहून घ्या. तारीख घाला. सहा महिन्यांनी तीच वही घेऊन पुन्हा जा.