साताऱ्याची प्रिया : आधी पत्रा, मग इंजिन

प्रिया ही स्कूटर साताऱ्याची. पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांनी मिळून जून १९७५ मध्ये महाराष्ट्र स्कूटर्स लिमिटेड ही कंपनी स्थापन केली. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील तिच्या कारखान्यातून प्रिया बाहेर पडू लागली. गाडीची घडण बजाज १५०ची, आणि बजाज १५० घडली ती इटलीतील पियाजिओ कंपनीच्या व्हेस्पावरून. पियाजिओशी बजाजचा करार १९७१ मध्ये संपला, तरी घडण तीच राहिली. बजाजच्या स्कूटरसाठी पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहण्याचा तो काळ होता. शिक्षक, तलाठी, बँकेतले कारकून, दुकानदार अशा अनेकांच्या घरी आलेली पहिली स्वयंचलित गाडी प्रियाच होती. २००६ मध्ये साताऱ्यात गिअरच्या स्कूटर बनणे थांबले आणि कारखाना डाय, जिग, फिक्श्चर यांच्या कामाकडे वळला. गाड्या मात्र राहिल्या. सातारा, कऱ्हाड, विटा, तासगाव, मिरज या भागांतल्या पडव्यांत आणि गोठ्यांच्या कडेला त्या अजून उभ्या दिसतात. त्यातली एखादी पुन्हा रस्त्यावर आणायची, तर काम कुठून सुरू करावे हा पहिला प्रश्न असतो.

बहुतेकांचे लक्ष आधी इंजिनाकडे जाते. बुलेट, जावा किंवा राजदूत असेल तर ते ठीक आहे. मोटारसायकलीला स्वतंत्र नळीचा सांगाडा असतो. टाकी, मडगार्ड, सीट काढून ठेवले तरी गाडी उभी राहते, आणि मडगार्ड गंजले तर दुसरे बसवता येते. प्रियाला असा सांगाडा नाही. साच्यात दाबलेले पोलादी पत्रे एकमेकांना जोडून तिचे अंग बनते, आणि सगळा भार तेच अंग पेलते. व्हेस्पाचा रचनाकार कोर्रादिनो दास्कानियो हा मूळचा विमाने आणि हेलिकॉप्टर यांचा अभियंता. सांगाडा आणि कवच एकच ठेवण्याची कल्पना त्याने विमानातून १९४६ च्या स्कूटरमध्ये आणली. त्यामुळे प्रियाचा पत्रा कुजणे म्हणजे तिचा कणाच कुजणे. इंजिनाचे सुटे भाग आजही मिळतात, कारण याच घराण्यातील गाड्या देशात अनेक वर्षे बनत होत्या. पत्र्याचे तसे नाही. जुनी प्रिया घ्यावी की सोडावी, हे पत्रा पाहूनच ठरवावे.

तपासणीसाठी गाडी आडवी करून खालून पाहावी लागते. पाय ठेवायच्या पाट्यावर रबर बसवलेल्या पट्ट्या असतात. त्यांच्याखाली पाणी आणि चिखल साचतो आणि पत्रा तिथून आतून खाल्ला जातो. वरून रंग शाबूत दिसतो, पण स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने दाबले की टोक आत जाते. पाट्याच्या खालून आडवी जाणारी पट्टी, स्टँडच्या बोल्टांभोवतीचा भाग, ब्रेकच्या पायपट्टीजवळची जागा आणि मागचे चाक जिथे चिखल उडवते तो आतला कोपरा, ही गंजाची नेहमीची ठिकाणे. मधल्या उंचवट्यातून केबली जातात. तिथे उंदरांनी घरटे केलेले असले तर पत्राही ओला राहून गेलेला असतो. लांबी भरून लपवलेला खड्डा ओळखायला एक लहानसा लोहचुंबक पुरतो. पत्र्यावर तो चिकटतो, जाड लांबीवर चिकटत नाही.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या कोणत्या भागात गाडी राहिली, यावरूनही अंदाज येतो. महाबळेश्वर, पाटण, कोयनेच्या पट्ट्यात मुसळधार पाऊस पडतो. तिथली गाडी बाहेरून चकचकीत असली तरी खालून तपासावीच लागते. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या कोरड्या तालुक्यांत पत्रा बहुधा टिकलेला असतो, पण रबर वाळून तडकलेले, सीटचे कापड फाटलेले आणि इंजिनात धूळ असते. सांगलीच्या गाड्यांचा प्रश्न निराळा आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि कित्येक दिवस शहराच्या सखल भागात थांबले. त्या पाण्यात बुडालेल्या असंख्य दुचाकी नंतर धुऊन-पुसून विकल्या गेल्या. पुराची खरी हानी पाण्याने होत नाही, गाळाने होते. नदीचा बारीक गाळ पत्र्याच्या दुहेरी थरांत, बेअरिंगांत आणि केबलीच्या आवरणांत शिरतो आणि वाळल्यावर सिमेंटसारखा बसतो. पुरात गेलेली गाडी किक मारून पाहणे हाच पहिला धोका असतो. प्लग काढून, कार्ब्युरेटर उतरवून, क्रँककेस धुतल्याशिवाय किकला हात लावू नये.

पत्र्याचे काम सुरू होण्यापूर्वी चासी नंबर आणि इंजिन नंबर पाहून, त्यांचे स्वच्छ फोटो काढून ते कागदांशी ताडून घ्यावेत. चासी नंबर बाजूच्या झाकणाखालील पत्र्यावर ठोकलेला असतो. वाळूचा मारा करताना किंवा घासताना तो पुसला गेला, तर पुढे परिवहन कार्यालयात गाडी ओळखता येणार नाही. त्या जागेवर जाड चिकटपट्टी लावूनच पुढचे काम करावे.

मग गाडी पूर्ण उघडली जाते. रंग काढायला तेजाब वापरण्याची पद्धत अजून आहे, पण प्रियाच्या बाबतीत ती टाळलेली बरी. पत्र्यांच्या सांध्यात शिरलेले तेजाब धुतले जात नाही, आणि वर्षभरात नव्या रंगाखालून गंज फुटतो. वाळूचा मारा हलक्या दाबाने केला तर सपाट पत्रा वाकत नाही. कुजलेला भाग कापून चांगल्या पत्र्यापर्यंत जायचे, आणि त्याच जाडीच्या पत्र्याचा तुकडा हातोडी आणि डॉलीवर घडवून जोडायचा. गॅसने सलग वेल्डिंग केले तर उष्णतेने पत्रा ताणला जातो. म्हणून सीओटू वेल्डिंगचे टिपके थोडे थोडे, जागा बदलत द्यावे लागतात. पाटा पूर्ण बदलायचा असेल तर आधी मान आणि इंजिनाचा आधार यांच्यामध्ये तात्पुरता लोखंडी अडसर जोडून ठेवतात. तो न लावता पाटा कापला तर अंग पिळते, आणि मग दोन्ही चाके एका रेषेत येत नाहीत. अशी गाडी हात सोडताच एका बाजूला ओढते. इंजिन उजवीकडे असल्याने थोडासा झुकाव प्रियाच्या घडणीतच आहे, पण पिळलेल्या अंगाची ओढ वेगळी असते आणि ती चालवणाऱ्याला लगेच कळते.

रेडऑक्साइड, त्यावर अगदी पातळ लांबी, मग प्रायमर आणि रंग, हा क्रम सर्वांना माहीत असतो. चूक होते ती लांबीच्या जाडीत. चांगला डेंटर पत्रा इतका सरळ करतो की लांबी फक्त घासण्याच्या खुणा भरण्यापुरती लागते. पाट्याच्या खालच्या बाजूला आणि सांध्यांत गंजरोधक लेप दिल्याशिवाय वरचा रंग देऊ नये. रंग मूळचाच द्यावा. झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा टाकीखाली मूळ रंगाचा तुकडा बहुतेक वेळा सापडतो. रंग बदलला तर नोंदणी पुस्तकातही बदल करून घ्यावा लागतो. पण हे कागदांपुरतेच नाही. दोन-तीन मूळ रंग जाऊन धातूची झाक असलेला नवा रंग आला की प्रिया ओळखू येत नाही.

यानंतर इंजिन. ते काढणे सोपे आहे. गिअरच्या दोन केबली, क्लच, अॅक्सिलरेटर आणि चोकच्या केबली, मागच्या ब्रेकची जोडणी, पेट्रोलची नळी आणि वायरी सुटल्या की मागच्या शॉकअॅब्सॉर्बरचा खालचा बोल्ट आणि इंजिनाचा लांब आडवा बोल्ट एवढेच उरते. साखळी नाही, गिअरबॉक्समधून निघालेल्या शाफ्टवरच मागचे चाक बसलेले असते. मात्र तो लांब बोल्ट वर्षानुवर्षे हलला नसेल तर रबरी बुशच्या आतल्या नळीत गंजून एकजीव झालेला असतो. त्यावर गंज सैल करणारे तेल सोडून रात्रभर थांबावे. घाईने घण मारला तर अॅल्युमिनियमच्या क्रँककेसला तडा जातो.

प्रियाचे इंजिन दोन स्ट्रोकचे आहे. बोअर ५७ मिमी आणि स्ट्रोकही ५७ मिमी, म्हणजे क्षमता १४५.४५ सीसी. पेट्रोल-हवेचे मिश्रण आत सोडणारी वेगळी झडप त्यात नाही. क्रँकशाफ्टचे घासून गुळगुळीत केलेले एक पाते क्रँककेसमधील भोकासमोरून फिरते आणि तेच भोक उघडते-झाकते. पाते आणि क्रँककेस यांच्यातील फट अगदी थोडी असते. गाळाचा किंवा धुळीचा कण तिथे गेला तर क्रँककेसवर खोल चरे पडतात आणि पात्याची ही झडप गळू लागते. मग पिस्टन-रिंग नवे घातले तरी गाडी नीट उचलत नाही. म्हणूनच पुरात बुडालेले इंजिन वरवर धुऊन भागत नाही. ते पूर्ण उघडून या जागेवर बोट फिरवून पाहावे लागते.

हाफ इंजिन (फक्त पिस्टन-सिलिंडर) करायचे की फुल (क्रँककेस उघडून), हे बऱ्याचदा धुरावरून ठरते. सायलेन्सरमधून पांढरट दाट धूर थांबतच नाही आणि गिअरबॉक्समधील तेल कमी होत जाते, तेव्हा क्लचकडील ऑइल सील गेलेले असते. क्रँककेस गिअरचे तेल ओढून जाळत असतो. उलट मॅग्नेटकडील सील गेले तर आत हवा ओढली जाते, मिश्रण पातळ होते, गाडी आपोआप रेस होते आणि पिस्टन तापून जाम होतो. सील बदलण्यासाठी इंजिन मधून उघडले, तर बेअरिंगही त्याच वेळी बदलून टाकणे शहाणपणाचे. गिअर सुटत असेल तर गिअर अडकवणारा क्रॉस झिजलेला असतो. तोही आताच बदलावा, कारण त्यासाठी इंजिन पुन्हा उघडणे परवडत नाही.

सिलिंडर ओतीव लोखंडाचा असतो, त्यामुळे झिजला तर बोअर वाढवून ओव्हरसाइज पिस्टन घालता येतो. हे काम करणारे हात या दोन जिल्ह्यांत मुबलक आहेत आणि त्याला कारण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये सातारा रोडला नांगर बनवायला सुरुवात केली. लोखंडी नांगर, पंप आणि ऑइल इंजिने यांच्या दुरुस्तीवर इथले लेथ आणि बोअरिंगचे कारखाने वाढले. शेतातल्या इंजिनाचा सिलिंडर बोअर करणाऱ्याला स्कूटरचा सिलिंडर लहान वाटतो, पण मापाची शिस्त तीच. पिस्टन हातात असल्याशिवाय बोअर करू नये. पिस्टन मोजून त्याच्या मापाला बोअर करायचा असतो.

मॅग्नेटच्या आत सीबी पॉइंट आणि कंडेन्सर असतात. पॉइंटची फट ०.३ ते ०.५ मिमी. काळे पडलेले पॉइंट बारीक पॉलिश पेपरने साफ करून ही फट फीलर गेजने पाहायची. दिवे थेट मॅग्नेटच्या विजेवर चालतात, म्हणून इंजिन मंद असले की उजेड मंद. तो दोष नाही. सायलेन्सर जुना असेल तर आतला कार्बन जाळून काढावा, नाहीतर नवे इंजिनही दबल्यासारखे चालते. प्रियाला आडवी करून किक मारण्याची सवय सर्वत्र होती. आडवी केल्यावर कार्ब्युरेटरमधील पेट्रोल ओसंडून आत जाते आणि थंड इंजिनाला दाट मिश्रण मिळते. चोक व्यवस्थित असेल आणि जेट स्वच्छ असेल तर त्याची गरज पडत नाही.

पेट्रोलची गोष्ट मात्र आता बदलली आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आज २० टक्के इथेनॉल असते, आणि त्यातले काही याच भागातील साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांमधून येते. ऊस पिकवणाऱ्यांसाठी ते चांगले आहे. जुन्या प्रियासाठी त्याचा अर्थ वेगळा. इथेनॉल हवेतले पाणी ओढते, जुने रबर फुगवते, आणि मिश्रण पातळ करते. पेट्रोलची नळी, कॉकचे वॉशर आणि कार्ब्युरेटरचे गॅस्केट इथेनॉल सहन करणाऱ्या रबराचे घ्यावे. टाकीतला गंज काढण्यासाठी आत मूठभर नट टाकून हलवतात. त्यानंतर टाकी केरोसिनने धुऊन कोरडी केली पाहिजे. मिश्रण पातळ झाल्याने इंजिन तापते, म्हणून जेट एक आकडा मोठा लावून प्लगचा रंग पाहावा. चॉकलेटी रंग बरोबर, पांढरा दिसला तर मिश्रण अजून पातळ आहे.

नवीन पिस्टन बसलेली गाडी पहिले काही शे किलोमीटर पूर्ण अॅक्सिलरेटरवर चालवू नये, आणि तेवढ्या काळात पसरणी किंवा खंबाटकी घाटात दोघांना बसवून नेऊ नये. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचे प्रमाण पुस्तिकेत दिलेले आहे. रिंग बसेपर्यंत ते थोडे जास्त ठेवतात.

कागदांचे काम गाडी चालू होण्याआधीच सुरू करावे. दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते, आणि त्यापुढे दर ५ वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकीची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी करता येते. तिच्या क्रमांकात व्हीए ही अक्षरे येतात. पहिल्या प्रियांची पन्नाशी आता भरत आली आहे. पण व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही. बाजारहाटाला प्रिया न्यायची असेल तर साधी नोंदणीच चालू ठेवलेली बरी.

पावसाळ्यात उभी ठेवायची झाल्यास टाकी रिकामी करावी, कार्ब्युरेटरमधील पेट्रोल इंजिन चालवूनच संपवावे, प्लगच्या भोकातून थोडे ऑइल सोडून किक हलकेच दोन-तीनदा फिरवावी, आणि चाके जमिनीपासून उचलून ठेवावीत. केबलींत तेल, मागच्या ब्रेकच्या कॅमला ग्रीस, आणि पाट्याखालून चिखल धुऊन कोरडा पुसलेला पत्रा, एवढे केले की ऑक्टोबरमध्ये गाडी पहिल्या काही किकमध्येच सुरू होते.