व्हिटॅमिन ईचा रिपोर्ट नॉर्मल, पण खरंच?

जबलपूरला राहणाऱ्या माझ्या मावशीने गेल्या महिन्यात फुल बॉडी चेकअप करून घेतला. व्हिटॅमिन ई अगदी नॉर्मल आलं, कोलेस्टेरॉल मात्र चांगलंच वाढलेलं. मावशीने मोठ्या कौतुकाने फोन केला, ‘‘बघ, केसांसाठी घेतलेल्या हिरव्या कॅप्सूल लागू पडल्या!’’

तिला कसं सांगू, की हे दोन आकडे वेगवेगळे वाचायचेच नसतात?

व्हिटॅमिन ई पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे रक्तात ते एकटं फिरू शकत नाही, चरबी वाहून नेणाऱ्या लायपोप्रोटीनच्या कणांत बसूनच फिरतं. यकृतातलं एक खास प्रथिन त्यातला अल्फा-टोकोफेरॉल हा प्रकार निवडून रक्तात पाठवतं. पुढचा प्रवास एलडीएल आणि एचडीएलमधून, म्हणजे आपल्या ओळखीच्या ‘वाईट’ आणि ‘चांगल्या’ कोलेस्टेरॉलमधून होतो. गाड्या वाढल्या की प्रवासीही जास्त दिसणारच! उलट कोलेस्टेरॉल खूप कमी असेल, तर कमतरता नसतानाही आकडा कमी येऊ शकतो.

लहान मुलांच्या बाबतीत ही चूक महागात पडू शकते. पित्ताचा प्रवाह अडणाऱ्या यकृताच्या जुन्या आजारात व्हिटॅमिन ई नीट शोषलं जात नाही, पण रक्तातली चरबी वाढते. अमेरिकेतल्या रोनाल्ड सोकोल आणि सहकाऱ्यांनी 1984 मध्ये दाखवून दिलं, की अशा काही मुलांचा रिपोर्ट नॉर्मल असूनही त्यांच्यात कमतरता होती. ती लांबली तर नसांना इजा होते, चालताना तोल जातो. चरबीशी प्रमाण काढल्यावरच ती पकडता येते. मोठ्यांमध्ये एक ग्रॅम एकूण चरबीमागे 0.8 मिलिग्रॅमपेक्षा कमी व्हिटॅमिन ई असेल, तर कमतरता समजतात.

म्हणून ही तपासणी डॉक्टरांनी सांगितली असेल, तर सोबत लिपिड प्रोफाइलही करून घ्या, तेही एकाच वेळी, रात्रभर उपाशी राहून दिलेल्या रक्तातून. लॅबमध्ये नमुना उजेडापासून जपून एचपीएलसी यंत्रावर मोजतात. कोणत्या लायपोप्रोटीनमध्ये किती, हे वेगळं काढायला अतिवेगाने फिरणारं सेंट्रिफ्यूज लागतं. ते काम संशोधकांचं, आपल्याला त्याची गरज नाही.

आणि कॅप्सूल? 2000 साली आलेल्या ‘होप’ अभ्यासात 9 हजारांहून जास्त लोकांपैकी निम्म्यांना रोज 400 युनिट व्हिटॅमिन ई दिलं होतं. हृदयाला काहीच फायदा दिसला नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर मोठ्या डोसने रक्तस्रावाचा धोका वाढतो. त्यापेक्षा मूठभर शेंगदाणे किंवा बदाम बरे.

मावशीची स्ट्रिप अजून फ्रिजवरच आहे. कोलेस्टेरॉलसाठी मात्र तिने सोमवारची अपॉइंटमेंट घेतली आहे.