रेघेरेघेनें उतरणारें पत्राचें चित्र

जुन्या कागदांच्या नकलांसाठीं हल्लीं 'लिनिअर ॲरे' कॅमेरा व त्याच तत्त्वावर चालणारा सपाट स्कॅनर यांचा उपयोग होतो. अशा चित्रांवरून पाठ ठरविणारांस त्यांची घडण माहीत असणें अवश्य आहे. म्हणून तिचें दिग्दर्शन येथें करतों.

साधा कॅमेरा सबंध पृष्ठ एकदम टिपतो. ह्या कॅमेऱ्यांत प्रकाशग्राही कणांची एक अरुंद पट्टी असते व भिंग तिच्यावर पृष्ठाची एकच बारीक रेघ पाडतें. पडलेल्या प्रकाशाच्या मानानें प्रत्येक कणांत विद्युद्भार सांठतो. तो भार, हातोहात बादल्या द्याव्या त्याप्रमाणें, पुढें सरकवून टोकाशीं मोजतात. ही युक्ति अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनीं १९६९ सालीं काढली. तिजबद्दल २००९ सालीं नोबेल पारितोषिकांत त्यांस वांटा मिळाला.

एक रेघ झाली कीं पट्टी एक पाऊल सरकते. इंचास ६०० बिंदु घ्यावयाचे तर १० इंच लांबीच्या पत्रास ६,००० रेघा लागतात. रेघेस सेकंदाचा शंभरावा भाग धरिला तरी एक मिनिट होतें. म्हणजे पत्राचा मायना व शेवटचें मोर्तब हीं एका क्षणाचीं चित्रें नव्हेत.

यांतूनच दोष उद्भवतात. कागद मध्येंच हलला तर तेथील अक्षरें वांकडीं येतात. रंगीत चित्रासाठीं तांबड्या, हिरव्या व निळ्या प्रकाशाच्या तीन रांगा शेजारीं असतात. त्या एकच जागा मागेंपुढें पाहतात. सरकणें विषम झालें तर अक्षरांच्या कडांस रंगीत किनार दिसते. ती दुसरी शाई नव्हे. सर्वांत घातक दोष धुळीचा. पट्टीवरील एक कण धुळीनें झांकला तर सरकण्याच्या दिशेनें चित्रभर सरळ रेघ उमटते. पत्र आडवें ठेविलें असल्यास ती मोडीच्या शिरोरेषेस समांतर जाते व मजकूर खोडल्याचा भास होतो.

परीक्षा सोपी आहे. पत्र काटकोनांत फिरवून पुन्हां चित्र घ्यावें. रेघ अक्षरांबरोबर फिरली तर ती कागदावरची. पट्टी सरकण्याच्या दिशेसच राहिली तर यंत्राची. नक्कल देणारांनीं सरकण्याची दिशा चित्राबरोबर नोंदवावी, अशी आमची विनंति आहे.