विज्ञानकथेची घडण : जयंत नारळीकरांचे कथालेखन

विज्ञानकथेच्या अभ्यासाकडे वळताना एक जुना आक्षेप प्रथम विचारात घ्यावा लागतो. विज्ञानकथा म्हणजे गोष्टीच्या वेष्टनात गुंडाळलेली शास्त्राची शिकवणी होय. तिचे वाङ्मयीन मूल्यमापन करण्याचे कारण नाही, असे तो आक्षेप सांगतो. तो पूर्णपणे ग्राह्य धरला तर हा घटक मराठीच्या अभ्यासक्रमात असण्याला फारसे प्रयोजन उरत नाही. तेव्हा जयंत विष्णु नारळीकर (1938–2025) यांच्या कथालेखनाच्या आधारे आपण हा आक्षेप तपासून पाहू.

नारळीकरांचा जन्म कोल्हापूरचा; बालपण मात्र बनारसमध्ये गेले. वडील विष्णु वासुदेव नारळीकर हे बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते, तर आई सुमती या संस्कृतच्या विदुषी. पुढे केंब्रिज, मुंबई आणि पुणे येथे त्यांचे वास्तव्य झाले. ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्राच्या शीर्षकातील चार नगरे ती हीच. या ग्रंथास 2014 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. कथालेखनाच्या दृष्टीने यांतील केंब्रिजचे पर्व विशेष महत्त्वाचे आहे. तेथील त्यांचे मार्गदर्शक फ्रेड हॉइल हे खगोलशास्त्रज्ञ तर होतेच, शिवाय ‘द ब्लॅक क्लाउड’ (1957) या गाजलेल्या विज्ञान कादंबरीचे लेखकही होते. गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त मांडणारा संशोधक त्याच लेखणीने कादंबरी लिहू शकतो आणि त्यामुळे त्याच्या शास्त्रीय प्रतिष्ठेला बाध येत नाही, हे नारळीकरांनी जवळून पाहिले.

मराठीत त्यांचा कथाकार म्हणून प्रवेश झाला तो टोपणनावाने. मराठी विज्ञान परिषदेने घेतलेल्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी 1974 साली त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. या नावाची आद्याक्षरे उलट क्रमाने लावून पाहावीत, म्हणजे खरा लेखक सापडतो. हस्ताक्षरावरून ओळख पटू नये म्हणून कथेची प्रत पत्नी मंगला नारळीकर यांच्याकडून लिहवून घेतली होती. कथेस पहिले पारितोषिक मिळाले. नामवंत शास्त्रज्ञाची कथा म्हणून नव्हे, तर अनोळखी जगतापांची कथा म्हणून ती निवडली गेली, ही बाब आपल्या आक्षेपाच्या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता शब्दांकडे पाहू. भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला नारळीकरांच्या शीर्षकांतच पुष्कळ सामग्री मिळते. ‘यक्षांची देणगी’, ‘वामन परत न आला’, ‘अंतराळातील भस्मासूर’: यक्ष, वामन, भस्मासूर ही नावे पुराणांतून आलेली आहेत. ‘वामन परत न आला’ या कादंबरीतील वामन हा यंत्रमानव आहे. लहान रूपात येऊन तीन पावलांत सर्वस्व व्यापणारा बटू मराठी वाचकाच्या स्मरणात असतोच. त्यामुळे या यंत्राच्या हाती सत्ता गेल्यास काय होईल, हे लेखकाला वेगळे सांगत बसावे लागत नाही. परकी संकल्पना मराठीत रुजविण्याचा हा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग जुन्या शब्दाच्या अर्थाशी झुंजण्याचा. ‘धूमकेतू’ या शब्दाला (बोलीत शेंडेनक्षत्र) अशुभाची छाया चिकटलेली आहे. त्याच शीर्षकाच्या कथेत एका हौशी आकाशनिरीक्षकाला सापडलेला धूमकेतू पृथ्वीवर आदळण्याची शक्यता निर्माण होते. शास्त्रज्ञ अंतराळयानाची योजना आखतात, तर निरीक्षकाच्या घरी यज्ञ मांडला जातो. संकट टळते, पण ते कशामुळे टळले याविषयी एकाच घरात दोन मते राहतात. फलज्योतिषाच्या दाव्यांची नारळीकरांनी 2008 साली संख्याशास्त्राच्या साहाय्याने प्रत्यक्ष चाचणीही घेतली होती. या कथेमागची अस्वस्थता त्यांच्या आयुष्यभराच्या कामाशी जोडलेली आहे.

तथापि आक्षेपाचे खरे उत्तर ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत मिळते, म्हणून तिच्याकडे अधिक लक्ष देऊ. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे यांना अपघात होतो आणि ते एका निराळ्याच मुंबईत जाऊन पोहोचतात. तेथे 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर मराठे विजयी झालेले आहेत आणि ईस्ट इंडिया कंपनी अद्याप अस्तित्वात आहे. ग्रंथालयात बसून पंत हा बदल नेमका कोठे झाला ते शोधतात, आणि तो सापडतो ‘भाऊसाहेबांची बखर’ या ग्रंथात. आपल्या जगात गोळी लागून विश्वासराव पडले. त्या जगातील बखरीत गोळी त्यांना चाटून गेली. पंत आपल्या जगात परततात तेव्हा ग्रंथ हरवलेला असतो, पण त्याचे एक पान खिशात उरलेले असते.

येथे क्षणभर थांबावे. एकाच ग्रंथाच्या दोन प्रतींत एका वाक्याचा फरक असला, तर त्याला आपण काय म्हणतो? पाठभेद. हस्तलिखितांच्या चिकित्सेत आपण ज्याचा अभ्यास करतो, तीच गोष्ट नारळीकरांनी दोन विश्वांचा पुरावा म्हणून वापरली आहे. कथेच्या शेवटी राजेंद्र देशपांडे हे पात्र या प्रसंगाचे शास्त्रीय स्पष्टीकरण देते. निर्णायक क्षणी एखादा अल्प बदलही संपूर्ण परिस्थितीला वेगळी दिशा देऊ शकतो, असे कॅटॅस्ट्रॉफी सिद्धान्त सांगतो. पुंजभौतिकीत इलेक्ट्रॉनचे स्थान निश्चितपणे वर्तविता येत नाही. त्याच्या प्रत्येक शक्यतेचे एकेक जग असू शकेल, अशीही एक कल्पना आहे. ही दोन सूत्रे जुळवून पंतांचा अनुभव समजावून दिला जातो. हे स्पष्टीकरण वगळल्यास कथा स्वप्नकथा होते; पान वगळल्यास ती व्याख्यान होते. विज्ञान आणि गोष्ट येथे परस्परांना धरून उभी आहेत.

शीर्षकाचा श्लेषही ध्यानात घ्यावा. ‘पानिपत होणे’ म्हणजे दारुण पराभव होणे. गंगाधरपंतांचे पानिपत मात्र विजयाचे आहे, आणि तरीही त्या जगातील भर सभेत बोलायला उभे राहिल्यावर त्यांचे जे होते ते नेहमीच्या अर्थाचे पानिपतच! ‘विश्वास पानिपतातच गेला’ असे आपण सहज म्हणून जातो; ज्या भाषेत विश्वासरावांचे मरण वाक्प्रचार होऊन बसले आहे, त्या भाषेच्या वाचकाला ते जिवंत राहिल्याचे वाचून जो धक्का बसतो तो अन्य भाषेच्या वाचकाला बसणार नाही. या कथेचे लेखकाने स्वतः केलेले इंग्रजी रूप अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात आले आहे. ते वाचताना प्रसंग कळतात, श्लेष हरवतो.

नारळीकरांच्या उणिवाही नोंदविल्या पाहिजेत. त्यांची पात्रे बहुधा एखाद्या भूमिकेचे प्रतिनिधित्व करतात. त्यांना स्वतंत्र अंतरंग क्वचितच लाभते. अनेक ठिकाणी एक पात्र प्रश्न विचारते आणि दुसरे सविस्तर उत्तर देते. अशा वेळी आरंभी पाहिलेला आक्षेप लागू पडतो, हे मान्य करावे लागेल. माझ्या मते कादंबऱ्यांपेक्षा कथांत हा दोष कमी जाणवतो, कारण कथेच्या आटोपशीरपणात स्पष्टीकरणाला मर्यादा पडते.

स्वाध्यायासाठी ‘धूमकेतू’ आणि ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथा शेजारी ठेवून वाचाव्यात. प्रत्येकीतील स्पष्टीकरणाचा परिच्छेद कंसात घालून तो वगळून पाहावा, आणि कोणत्या कथेचे किती नुकसान झाले ते आपल्या शब्दांत लिहावे.